कप्पा क्रमांक चौदा

ही हकीकत मी याआधी तीनदा लिहायला घेतली आणि तिन्ही वेळा कागद फाडले. पहिल्या खेपेला मी स्वतःला फारच दोषी ठरवलं होतं, दुसऱ्या खेपेला फारच सहज सोडून दिलं होतं, आणि तिसऱ्या खेपेला घेवड्याच्या वेलाचंच वर्णन चार पानं झालं. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळली, स्वतःला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत. तरी आता लिहितो, कारण मास्तरांना तसा शब्द दिला आहे.

गेल्या वर्षी एका सकाळी ताईची नात माझ्याकडे आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला जाऊन तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. मी दोन खोल्यांत एकटा राहतो. लग्नाच्या भानगडीत पडलो नाही. खरं सांगायचं तर कोणी पाडलं नाही.

"आजोबा, बसू कुठे?" नातीने दारातूनच विचारलं.

"खुर्चीवरचा तो ढीग उचल."

"कुठल्या खुर्चीवरचा?"

"जो लहान असेल तो."

ती रोपांच्या रोगांची तपासणी करणाऱ्या केंद्रात नोकरी करते. तिने वहीतून एक पान काढून माझ्यापुढे धरलं. घेवड्याचं पान होतं. त्याच्या पाठीवर गंजलेल्या खिळ्यासारखी तांबूस पूड होती. बोट लावलं तर बोटाला लागली.

"तांबेरा," ती म्हणाली. "या वर्षी सगळ्या परसांत, सगळ्या गच्च्यांत, एकजात. सगळ्यांनी दुकानातून तेच एक बी आणलेलं. सगळे वेल एकाच आईची लेकरं. एकाला झालं की सगळ्यांना."

"मग?"

"मग काही नाही. फवारण्या करतायत लोक. म्हणून मी जुनं बी शोधतेय." तिने वहीतून दुसरा कागद काढला. "हे तुमचंच ना?"

वाचनालयाच्या जुन्या वार्षिक अहवालाची ती प्रत होती. एका ओळीखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली होती: 'कप्पा क्रमांक चौदा, ठिपक्यांचा घेवडा. पानांवर तांबेरा धरत नाही, असे सभासद कळवतात.'

ती ओळ मीच लिहिली होती. माझा वार्षिक अहवाल कोणीतरी वाचला, या गोष्टीचाच मला इतका धक्का बसला की तिने पुढे काय विचारलं ते ऐकूच आलं नाही.

"आजोबा, ते बी अजून आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. आणि तेव्हा मला अभिमान वाटला, हे कबूल करायला हवं. "अगदी जसंच्या तसं आहे."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. मी तेव्हा वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. पुस्तकांच्या नोंदीची कार्डं ठेवायला नवं लोखंडी कपाट आलं, आणि अठ्ठेचाळीस कप्प्यांचं जुनं लाकडी कपाट रिकामं झालं. ताई मला डबा द्यायला दुपारी यायची. एकदा डबा ठेवता ठेवता तिने ते कपाट पाहिलं.

"किड्या, हे कप्पे रिकामे का रे?" मला ती लहानपणापासून पुस्तकातला किडा म्हणायची, पुढे पुस्तक गळून नुसता किडा उरला.

"जुने झालेत. मोडीत काढायचेत."

"मोडीत काय काढतोस? माझ्या डब्यांना घरी जागा नाहीये."

ताईच्या डब्यांत बिया असायच्या. वालाच्या, भोपळ्याच्या, माठाच्या, पिवळ्या टोमॅटोच्या, आणखी कसल्या कसल्या. ती जिथे जाईल तिथून चिमूटभर मागून आणायची. दुकानात एकाच जातीची चकचकीत पाकिटं यायला लागली तशी लोकांनी घरचं बी धरायचं सोडलं, आणि ताईचे डबे वाढत गेले. कुठल्याही डब्यावर ती नाव लिहीत नसे. झाकण उघडून वास घ्यायची आणि सांगायची.

मी मात्र प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी लावली, कार्ड केलं, नियम केले. पुस्तकासारखं बी न्यायचं, पेरायचं, हंगाम संपला की दुप्पट परत करायचं. कार्डावर सही. उशीर झाला तर शिक्षा म्हणून एक तास बसून बिया निवडायच्या. जन्मात पुस्तकाला हात न लावलेली माणसं वाचनालयात यायला लागली. उशिराची कारणं मी एका वहीत उतरवून ठेवत असे. 'पाखरांनी खाल्ले.' 'सासूने शिजवले.' 'उगवले, पण दुसरेच काहीतरी उगवले.' शिक्षेला बसलेली मंडळी शिक्षा संपली तरी उठत नसत. ताई त्यांच्यात बसून हसत असे आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर मान खाली घालून कार्डं भरत असे. माझ्या आयुष्यातला तोच काळ चांगला होता. तेव्हा ते कळलं नाही. मला वाटायचं, गोंगाट फार होतो.

ठिपक्यांचा घेवडा तिचा सगळ्यात लाडका. पांढऱ्या दाण्यावर तपकिरी ठिपके, कोणीतरी ब्रशने शाई उडवल्यासारखे. मुळात दाणे थोडे, म्हणून पहिल्या वर्षी तिघांनाच दिले. त्यातल्या दोघांनी परत केले. तिसरे मास्तर. वाचनालयासमोर रस्त्यापलीकडे त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यांनी पाच दाणे नेले.

त्याच सुमारास वाचनालयाला पंचवीस वर्षं होणार होती आणि ग्रंथपालाने चार शब्द बोलायचे असं ठरलं. ताई मला धरूनच मास्तरांकडे घेऊन गेली. "याला कोट शिवा. खांदे जरा भरीव करा, म्हणजे आत माणूस आहे असं वाटेल." मास्तर तोंडात टाचण्या असूनही हसले होते.

कोट शिवून यायच्या आत ताई गेली. आठ दिवसांचं आजारपण, बस. मास्तरांनी कोट कागदात गुंडाळून माझ्या शेजारणीकडे ठेवला होता. मी तो तसाच कपाटात टांगला. समारंभाच्या दिवशी मला ताप आला. ताप खरा होता की नाही, हे मलाही नीट आठवत नाही.

त्यानंतर मी जसा वागलो, त्याचा आता विचार केला की कानशिलं गरम होतात. ताईचे दाणे एकेक करून मोजून ठेवले. चौदाव्या कप्प्यातले चाळीस दाणे मी काचेच्या बाटलीत भरले, घट्ट बूच लावलं, आणि दुर्मीळ ग्रंथांवर लावतात तशी लाल शाईची चिठ्ठी लावली: 'देवघेवीसाठी नाही.' पुस्तकांना कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवतो, तशी एक त्या बाटलीतही टाकली. आणि मास्तरांना पत्रं लिहिली. 'आपण नेलेले पाच दाणे अद्याप जमा नाहीत.' मधे फक्त रस्ता होता, तीस पावलं. पण समोर जाऊन बोलायची माझी छाती नव्हती, म्हणून पोस्टकार्डं. एक, दोन, अशी सात कार्डं. सातव्यानंतर मी त्यांचं सभासदत्व रद्द केलं. पुढे रस्ता रुंद झाला, त्यांचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. माझ्या चिठ्ठ्या आणि लाल शाई वाढत गेली तसे बी नेणारेही हळूहळू यायचे थांबले. कपाट राहिलं. मी निवृत्त झालो तेव्हा त्याला कुलूप लावून किल्ली घरी आणली, तेही आता सांगतोच.

तर ती किल्ली घेऊन मी नातीबरोबर वाचनालयात गेलो. चौदावा कप्पा ओढला. बाटली होती. दाणे होते. ठिपकेसुद्धा ताजे दिसत होते. मी बाटली तिच्या हातात दिली, एखाद्याला बक्षीस द्यावं तशी.

तिने बूच काढून वास घेतला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आजोबा, डांबरगोळी?"

"कसर लागू नये म्हणून."

"किती वर्षं?"

"एकतीस."

ती दाणे पिशवीत घालून घेऊन गेली. बारा दिवसांनी परत आली आणि या वेळी ढीग न उचलता उभीच राहिली. चाळीसपैकी एकही रुजला नव्हता. ओल्या फडक्यात ठेवले, मातीत ठेवले. फुगले आणि कुजले.

"बी म्हणजे पुस्तक नाही ना, आजोबा," ती अगदी हळू म्हणाली. "दोनचार वर्षांनी पेरून नवं धरावं लागतं. घेवडा फार दिवस थांबत नाही."

तिने रागावायला हवं होतं. मला बरं वाटलं असतं. मी तिथेच बसून राहिलो. ताईची शेवटची वस्तू मी इतकी जपली होती की जपूनच मारली. दुसऱ्या कोणी मारली असती तर मी त्याला सात कार्डं लिहिली असती.

"आणखी कोणी नेलं होतं का?" तिने विचारलं. "ज्यांनी पेरलं असेल असं?"

मी कार्ड काढलं. पहिल्या दोघांच्या परसात आता गाड्या उभ्या राहतात, ते मला माहीत होतं. तिसऱ्या नावापुढे माझ्याच अक्षरात, दोनदा अधोरेखित केलेलं: 'परत नाही.'

"यांच्याकडे जाऊ या," नात म्हणाली.

"त्यांना मी काढून टाकलंय."

"कशातून?"

"सभासदत्वातून."

"मग काय झालं? तुम्ही नका बोलू, मी बोलते."

मी तीन दिवस घालवले. एकदा पाय दुखतो म्हणालो, एकदा पत्ता सापडत नाही म्हणालो. चौथ्या दिवशी तिने पत्ता शोधून आणला आणि रिक्षाही दारात आणली. रिक्षात बसल्यावर मी एकच विचार करत होतो: मास्तर हयात नसले तर बरं होईल. इतका क्षुद्र विचार माझ्या मनात आला होता, तोही लिहून ठेवतो.

मास्तर हयात होते. अरुंद गल्लीत एका खोलीचं दुकान, दारात यंत्र, आणि यंत्रामागे ऐंशीच्या पुढचे मास्तर, कपाळावर एक चष्मा आणि डोळ्यांवर दुसरा. त्यांनी मला पायांपासून वर पाहिलं. मापं घेणाऱ्याची नजर, ओळखायला वेळ लागला नाही.

"या, ग्रंथपालसाहेब," ते म्हणाले. "आठवं कार्ड हाती द्यायला आलात?"

आतून मास्तरीणबाई बाहेर आल्या. "हेच का ते? अहो, बसू द्या त्यांना. घामाघूम झालेत."

"बसतील की. मी कुठे अडवलंय? मला काढून टाकलंय यांनी, मी यांना नाही."

त्यांनी खालच्या खणातून एक लहानशी वही काढली. वही कसली, माझी सातही कार्डं होती. काठाला दोऱ्याने शिवलेली, छान उलटी टीप घालून.

"पहिली सहा ठीक आहेत," ते चष्मा बदलत म्हणाले. "पण सातवं जरा जास्तच झालं. 'समाजाच्या ठेव्याचा अपहार.' अपहार! मला वाटलं, हा काहीतरी मानाचा शब्द आहे. शेजारच्या वकिलाने अर्थ सांगितला."

मास्तरीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. नातही हसली. मी कसाबसा म्हणालो, "मास्तर, माझं चुकलं. तुम्ही परत केले नाहीत म्हणून... ते ताईचे होते."

"परत केले नाहीत?" मास्तरांनी कार्डं खाली ठेवली. "साहेब, दुप्पट केले. मोजून दहा. मुदतीच्या चार दिवस आधी."

"कार्डावर नोंद नाही."

"नोंद कशी असेल? कोटात आहेत. आतल्या खिशात. म्हटलं, ताईंच्या दुःखात माणूस आहे, दारात जाऊन दाणे काय मोजून द्यायचे. कोट घालेल, हात घालेल, सापडतील." ते थांबले. "तुम्ही तो कोट घातलाच नाहीत?"

मी मान हलवली.

"एकदाही?"

"नाही."

"अरे देवा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"पण मग कार्डं आल्यावर सांगायचं ना, आजोबा," नात त्यांना म्हणाली. मास्तरांनाही ती आजोबाच म्हणायला लागली होती.

"दोनदा गेलो होतो की! हे मला बघायचे आणि पुस्तकांच्या रांगांत शिरायचे. एकदा मी या टोकाने शिरलो तर हे त्या टोकाने बाहेर. म्हटलं, यांना माझं तोंड बघायचं नाही. मग माझंही डोकं फिरलं."

हे खरं होतं. ते आले की मी मागच्या रांगेत जाऊन उभा राहत असे. मला वाटायचं, ते भांडायला आलेत, आणि भांडणात मला कधीच काही सुचत नाही.

नातीने शेवटी जे विचारायचं ते विचारलं. "आजोबा, तो घेवडा आता कोणाकडे असेल का?"

"कोणाकडे नाही ते विचार," मास्तर म्हणाले आणि बटणांच्या बरण्यांमधली एक बरणी पुढे सरकवली. ती बटणांची नव्हती. पांढऱ्या दाण्यांवर तपकिरी ठिपके. ब्रशने शाई उडवल्यासारखे.

माझ्याच्याने बरणीला हात लावला गेला नाही.

"तुमचा कोट पहिला," मास्तर सांगत होते. "मग सवयच लागली. शिवलेला कपडा रिकाम्या खिशाने द्यायचा नाही. दोन दाणे टाकायचे. लोक विचारतात, हे काय? म्हणतो, लावा. झबल्याला खिसा नसतो, मग कागदाला टाचतो."

"किती घरांत गेला असेल?" नातीची वही बाहेर आली होती.

"मी किती कपडे शिवले ते तू सांग, मग मी सांगतो."

आम्ही गल्लीतून चालत गेलो. कपडे वाळत घालायच्या तारांवर, विजेच्या खांबाला बांधलेल्या सुतळीवर, शाळेच्या कुंपणावर, एका जुन्या खाटेच्या उभ्या केलेल्या चौकटीवर, सगळीकडे तो वेल. नात वाकून पानं उलटी करत होती, भिंगातून बघत होती. एका बाईंनी वरच्या सज्जातून विचारलं, "काय हरवलंय?"

"सापडलंय, काकू," नात म्हणाली. "या वेलाला काय म्हणता तुम्ही?"

"खिशातला घेवडा," बाई म्हणाल्या. "दुसरं नाव असेल तर ठाऊक नाही."

मला कुठेतरी टोचलं. एवढ्या वेलांत ताईचं नाव कुठेच नव्हतं. मग आठवलं, तिने तरी कुठल्या डब्यावर नाव लिहिलं होतं?

"दोनचार डाग आहेत," नात सरळ उभी राहत म्हणाली. "पण वेल जोमात आहेत. दोन हंगाम पाहिल्याशिवाय मी काही बोलणार नाही." तिचा चेहरा मात्र बोलत होता. ती अशी उभी राहिली की अगदी ताईसारखी दिसते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी कपाटातून कोट काढला. कागद पिवळा पडून चुरत होता. आतल्या खिशात मापाच्या कागदाची घट्ट पुडी होती, वर मास्तरांच्या पेन्सिलीने बी नेतानाच्या कार्डाचा क्रमांक लिहिलेला. दहा दाणे. तेही नातीने लावून पाहिले. रुजणार नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी बारा दिवस मी मोजले.

आता नवी व्यवस्था झाली आहे. आताच्या ग्रंथपालबाई चांगल्या आहेत. त्यांनी नियम मलाच लिहायला लावले. मी कपाटाची किल्ली त्यांना देऊन टाकली आणि नियम एकच लिहिला: बी वाचनालयात परत आणू नये. ज्याने नेलं त्याने ते पेरावं आणि दुप्पट दाणे दुसऱ्या दोन घरांना द्यावेत. वाचनालयाला फक्त त्या घरांचे पत्ते कळवावेत. कप्प्यांत आता दाण्यांपेक्षा कार्डंच जास्त आहेत, कोणी कोणाला काय दिलं याची. कोणाचं बी बुडालं तर तो कार्ड बघतो आणि देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या दारात जाऊन मागतो. मला स्वतःला हे जमलं नसतं. लोकांना जमतंय. पहिल्या पाच महिन्यांत एकशे बारा पत्ते आले. कारणांची वहीही पुन्हा सुरू झाली आहे. परवाची नोंद: 'शेजाऱ्याशी बोलत नव्हतो. बी मागायला गेलो, आता बोलतो.'

या पहिल्या हंगामाच्या शेवटी एक छोटा मेळावा ठेवला आहे. चार शब्द मी बोलायचे, असं नातीने परस्पर कळवून टाकलं. मी कोट घेऊन मास्तरांकडे गेलो. अंगात घातला तर आतला माणूस एवढ्या वर्षांत बराच आटलेला.

"खांदे उसवावे लागतील," मास्तर टाचण्या लावत म्हणाले. "ताई म्हणाल्या होत्या तसं आता काही केलं तरी दिसायचं नाही. मेळाव्याला मी येईन, पण एका अटीवर. मला अजून काढलेलंच आहे. आठवं कार्ड आल्याशिवाय वाचनालयात पाऊल ठेवणार नाही. आणि सगळी हकीकतही लिहा. तुमच्या सात कार्डांची बाजू माझ्याकडे आहे, माझी बाजू कुठेच नाही."

कार्ड लिहायला मला दोन दिवस लागले. शेवटी एवढंच लिहिलं: 'आपण नेलेले पाच दाणे दुपटीने, मुदतीपूर्वी जमा झाले आहेत. विलंब आमच्याकडून झाला. सभासदत्व पहिल्यासारखे चालू.' खाली सही केली. तिकीट लावलं नाही. गावाच्या त्या टोकापर्यंत चालत गेलो.

मास्तरांनी चष्मा बदलून ते दोनदा वाचलं, सुईत दोरा ओवला आणि आधीच्या सातांना जोडून शिवून टाकलं. मग खुंटीवरचा कोट काढून माझ्यापुढे धरला. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या, सगळे माझ्याकडेच बघत होते. घरी जाऊन बघतो, असं मी म्हणणार होतो. म्हणालो नाही. तिथेच बाही चढवली आणि आतल्या खिशात हात घातला.